संगणकावरील खिडकी आपल्या सोयीने उघडणे
इयत्ता ५ वी ते ७ वीसाठी पाठटिपण व शिक्षकांसाठी विवेचन

१. विषयाचे प्रयोजन

ज्या ग्रामीण प्राथमिक शाळेत संगणक आहे, तेथे बहुधा एकाच यंत्राभोवती सारा वर्ग बसतो. गुरुजी किंवा बाई लेखनाचा अथवा चित्रकलेचा प्रोग्राम उघडतात आणि तो पडद्याच्या कोपऱ्यात वीतभर चौकटीत उघडतो. पहिल्या ओळीतील मुलांना काहीतरी दिसते. मागील ओळीतील मुलांना मात्र केवळ रंगीत पार्श्वभूमी दिसत राहते. मग चौकटीची कड धरून ती ओढावयाची, ती भलतीकडे सरकली की पुन्हा आणावयाची, यात पस्तीस मिनिटांच्या तासातील पाच मिनिटे सहज निघून जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कथा.

वेळ जातो ही हानी आहेच. परंतु तिच्याहून मोठी हानी निराळी आहे. मागे बसणारे मूल एक-दोन आठवडे न दिसणाऱ्या पडद्याकडे पाहत राहते आणि ‘हे यंत्र पुढच्या मुलांसाठी आहे’ असा निष्कर्ष मनाशी काढते. तो कोणी त्याला शिकविलेला नसतो, पण एकदा मनात बसला म्हणजे सहज निघत नाही. यास्तव खिडकी कशी उघडते हा प्रश्न दिसावयास किरकोळ असला तरी वर्गाध्यापनाच्या दृष्टीने किरकोळ नाही.

शिक्षकाच्या घरच्या संगणकावरही हाच अनुभव येतो. शालार्थ, यु-डायस प्लस इत्यादी ठिकाणी भरावयाची माहिती पुष्कळदा शाळा सुटल्यावर घरी बसून भरली जाते. त्या वेळी एक खिडकी दुसरीखाली दडते, तिसरी सापडतच नाही, आणि आकडे उतरविताना चूक होते.

प्रस्तुत लेखाचे सांगणे एकच आहे. खिडकी लहान उघडणे, मोठी उघडणे किंवा न दिसणे हा यंत्राचा लहरीपणा नव्हे. त्यामागे ठराविक कारणे आहेत. ती ज्याला कळली त्याला खिडकी आपल्या सोयीने उघडता येते, आणि ही गोष्ट पाचवीतील मुलालाही समजू शकते.

येथील कृती विंडोज १० व विंडोज ११ या प्रणालींस धरून दिल्या आहेत. पैकी विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तथापि ती प्रणाली असलेल्या यंत्रांवरही या कृती तशाच चालतात. लिनक्स प्रणालीत बटणांची जागा व नावे थोडी निराळी असली तरी मूळ कल्पना तीच आहे.

२. ‘खिडकी’ हा शब्द

इंग्रजी ‘विंडो’ या शब्दाचा आपण ‘खिडकी’ असा अर्थ सांगतो, तेव्हा मुलांच्या डोळ्यांपुढे गजांची, झडपांची, अंगणाकडे उघडणारी खिडकी उभी राहते. संगणकावरील खिडकीतून मात्र बाहेरचे काही दिसत नाही. ती म्हणजे एका प्रोग्रामला काम करण्यासाठी पडद्यावर मिळालेली चौकट होय. मेजावर पसरलेल्या कागदांची उपमा मुलांना अधिक लवकर पटते: मेज एकच, कागद अनेक, जो सर्वांत वर असेल तो दिसतो, खालचे झाकले जातात, झाकले गेले म्हणून ते नाहीसे होत नाहीत.

ही कल्पना कशी वाढली हे शिक्षकास ठाऊक असावे. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी माऊस आणि पडद्याचे वेगवेगळे भाग यांचे प्रात्यक्षिक दाखविले. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला, आणि त्याच केंद्रात एकमेकींवर ठेवता येणाऱ्या खिडक्यांची कल्पना त्या दशकात प्रत्यक्षात आली. मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज नोव्हेंबर १९८५ मध्ये निघाली. तीत प्रोग्रामच्या खिडक्या फरश्यांसारख्या शेजारी शेजारीच मांडल्या जात. त्या एकमेकींवर ठेवण्याची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. पडद्याच्या तळाची पट्टी, म्हणजे टास्कबार, आणि उजव्या कोपऱ्यातील आजची तीन बटणे १९९५ च्या आवृत्तीपासून रूढ झाली. खिडक्या एकमेकींवर ठेवता येऊ लागल्या तेव्हा सोय झाली, आणि ‘माझी खिडकी गेली कुठे?’ हा प्रश्नही तेव्हाच जन्मास आला.

३. खिडकीच्या तीन अवस्था

प्रत्येक खिडकीच्या माथ्यावर एक पट्टी असते. तिच्या उजव्या टोकास तीन बटणे असतात: आडवी रेघ, चौकोन आणि फुली. यांवरून खिडकीच्या तीन अवस्था समजावून द्याव्यात.

(अ) पूर्ण पसरलेली. चौकोनावर टिचकी मारली, म्हणजेच क्लिक केले, की खिडकी सारा पडदा व्यापते; टास्कबार तेवढा राहतो. यास ‘मॅक्सिमाइझ’ म्हणतात. माथ्याच्या पट्टीवर लागोपाठ दोन टिचक्या मारूनही हेच घडते. कळफलकावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून वरच्या बाणाची कळ दाबावी.

(आ) मध्यम. पसरलेल्या खिडकीवर चौकोनाच्या जागी एकात एक अडकलेले दोन चौकोन दिसतात. त्यांवर टिचकी मारली की खिडकी पूर्वीच्या मध्यम आकारास येते. या अवस्थेत तिची कड धरून आकार बदलता येतो व माथ्याची पट्टी धरून ती हलविता येते. पसरलेल्या खिडकीला धरण्याजोगी कड नसते. पुष्कळांची अडचण नेमकी येथेच होते.

(इ) मिटलेली. आडव्या रेघेवर टिचकी मारली की खिडकी पडद्यावरून जाते. तिचे चित्रचिन्ह टास्कबारवर उरते. यास ‘मिनिमाइझ’ म्हणतात. प्रोग्राम चालूच असतो.

तिसऱ्या अवस्थेविषयी विशेष काळजी घ्यावी. मिटलेली खिडकी व फुली दाबून बंद केलेली खिडकी यांतील भेद मुलांच्या लक्षात राहत नाही. मूल खिडकी मिटते, ती दिसेनाशी होते, मग ते तोच प्रोग्राम पुन्हा उघडते. असे पाच-सहा वेळा झाले की जुने यंत्र मंदावते आणि दोष यंत्रास दिला जातो. म्हणून ‘दिसत नाही म्हणजे बंद झाले असे नाही, आधी टास्कबार पाहा’ हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावे.

४. खिडकी विशिष्ट आकारातच का उघडते?

पहिले कारण: प्रोग्रामची आठवण. पुष्कळसे प्रोग्राम बंद होताना आपल्या खिडकीचा आकार व जागा नोंदवून ठेवतात आणि पुढच्या वेळी तेथूनच सुरुवात करतात. काल शेवटी बसलेल्या मुलाने खिडकी वीतभर करून बंद केली असेल तर आज ती वीतभरच उघडेल. यंत्राने आपणहून काही केलेले नसते. शेवटच्या हाताने जे ठेवले तेच ते पुढे ठेवते. काही प्रोग्राम मात्र मध्यम खिडकीचा आकार तेवढा लक्षात ठेवतात, ती पूर्ण पसरलेली होती हे लक्षात ठेवीत नाहीत. अशा प्रोग्रामची खिडकी कितीही वेळा पसरली तरी पुढच्या वेळी ती मध्यमच उघडते.

कोकणातील शाळांनी येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अनेक प्रोग्राम ही नोंद बंद होतानाच करतात. पावसाळ्यात वीज एकाएकी गेली की प्रोग्राम रीतसर बंद होत नाही, नोंद अपुरी राहते, आणि वीज आल्यावर खिडकी जुन्याच आकारात उघडते. यंत्र बिघडले असे समजण्याचे कारण नाही. खिडकी पुन्हा हवी तशी करून प्रोग्राम फुली दाबून नीट बंद करावा.

दुसरे कारण: शॉर्टकटवरील आज्ञा. पडद्यावरील ज्या चित्रचिन्हाच्या कोपऱ्यात लहानसा बाण असतो, तो शॉर्टकट होय. तो स्वतः प्रोग्राम नसतो. प्रोग्रामकडे नेणारी चिठ्ठी असते. प्रोग्रामने मध्यम, मिटलेल्या किंवा पूर्ण पसरलेल्या खिडकीत सुरू व्हावे, अशी आज्ञा या चिठ्ठीवर लिहिता येते.

तिसरे कारण: पडद्याची बदललेली व्यवस्था. प्रोजेक्टर किंवा मोठा दूरदर्शन संच जोडताना काही वेळा दोन पडदे मिळून एक लांब पडदा अशी व्यवस्था केली जाते. त्या दुसऱ्या पडद्यावर ठेवलेली खिडकी, प्रोजेक्टर काढल्यानंतरही, काही प्रोग्राम त्याच जागी उघडू पाहतात. तो पडदा तर आता नाही! मग टास्कबारवर चित्रचिन्ह दिसते, पण खिडकी दिसत नाही.

५. उपाय

(अ) साधा उपाय. खिडकी हव्या त्या आकाराची व हव्या त्या जागी करावी, प्रोग्राम फुली दाबून बंद करावा व पुन्हा उघडून पाहावा. लेखनाच्या प्रोग्राममध्ये एकाच वेळी अनेक खिडक्या उघड्या असतील तर बहुधा शेवटी बंद केलेल्या खिडकीचा आकार लक्षात राहतो. म्हणून हा प्रयोग एकच खिडकी उघडी ठेवून करावा. निम्म्याहून अधिक काम येथेच भागते.

(आ) शॉर्टकटवर आज्ञा लिहिणे. साध्या उपायाने भागले नाही तर पुढील क्रम अनुसरावा.

१. पडद्यावरील शॉर्टकटवर माऊसच्या उजव्या बटणाने टिचकी मारावी.
२. उघडणाऱ्या यादीतून ‘प्रॉपर्टीज’ निवडावे. (चित्रचिन्ह निवडून आल्ट व एंटर या कळा एकदम दाबल्या तरी हीच चौकट उघडते.)
३. ‘शॉर्टकट’ या पानावर ‘रन’ असा शब्द व त्यापुढे एक रकाना दिसेल. त्यात नेहमी ‘नॉर्मल विंडो’ असते.
४. रकान्याच्या बाणावर टिचकी मारून ‘मॅक्सिमाइझ्ड’ निवडावे.
५. ‘ओके’ दाबावे व त्याच शॉर्टकटवरून प्रोग्राम उघडून खात्री करावी.

‘मिनिमाइझ्ड’ हा पर्याय वर्गात फारसा लागत नाही. जो प्रोग्राम चालू हवा पण समोर नको, त्यास तो उपयोगी पडतो.

या उपायाच्या मर्यादाही शिक्षकास माहीत असाव्यात. पहिली अशी की, ही आज्ञा ज्या शॉर्टकटवर लिहिली त्यापुरतीच असते. पडद्यावरील शॉर्टकट व टास्कबारवर अडकविलेले चित्रचिन्ह या दोन निराळ्या चिठ्ठ्या आहेत; एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. टास्कबारवरील चिन्हासाठी त्यावर उजवी टिचकी, मग यादीतील प्रोग्रामच्या नावावर पुन्हा उजवी टिचकी, मग ‘प्रॉपर्टीज’ असा क्रम आहे. दुसरी मर्यादा अशी की, विंडोजसोबत येणाऱ्या काही नव्या प्रोग्रामांस, उदाहरणार्थ गणकयंत्रास, हा रकाना मिळत नाही. तिसरी मर्यादा म्हणजे काही प्रोग्राम आज्ञा वाचूनही आपल्या आठवणीप्रमाणेच वागतात. अशा ठिकाणी हट्ट धरू नये. प्रोग्राम उघडताच विंडोजची कळ व वरचा बाण दाबावा, की काम झाले.

(इ) हरवलेली खिडकी आणणे. प्रथम विंडोजची कळ व पी ही कळ एकदम दाबावी आणि ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ हा पर्याय निवडावा, म्हणजे संगणक एकाच पडद्यावर येतो. तरीही खिडकी न आली तर टास्कबारवरील चिन्हावर टिचकी मारून ती निवडावी. आल्ट व स्पेसबार दाबावा. नंतर एम ही कळ दाबावी. मग कोणताही एक बाण एकदा दाबून माऊस हलवावा. खिडकी माऊसला चिकटून दृष्टीस पडते. ती पूर्ण पसरलेली असेल तर एम चालत नाही. तेव्हा आल्ट व स्पेसबारनंतर आधी आर दाबून ती मध्यम करावी आणि मग वरील कृती पुन्हा करावी. प्रोजेक्टर वापरताना त्याच पी कळेने ‘डुप्लिकेट’ हा पर्याय निवडला तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते व हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. वर्गासाठी हीच व्यवस्था उत्तम.

६. खिडकी मोठी झाली म्हणजे अक्षर मोठे होत नाही

येथे एक समजूत दूर करणे अवश्य आहे. खिडकी पूर्ण पसरली की कागद मोठा होतो; कागदावरील अक्षर होते तेवढेच राहते. मागील मुलांना वाचता यावे असा हेतू असेल तर दुसरे पाऊलही टाकावे लागते: कंट्रोल ही कळ दाबून धरून अधिक चिन्हाची कळ दाबावी. इंटरनेटवरील पान दाखविणाऱ्या प्रोग्रामांत अक्षर व चित्र दोन्ही यामुळे मोठी होतात. कंट्रोल व शून्य दाबले की पूर्ववत होतात. लेखनाच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल दाबून धरून माऊसचे चाक फिरविले तरी बहुधा हाच परिणाम होतो. पान दाखविणाऱ्या प्रोग्रामात एफ ११ ही कळ दाबल्यास वरच्या पट्ट्याही जाऊन सारा पडदा पानासाठी मोकळा होतो. तीच कळ पुन्हा दाबली की त्या परत येतात.

शिक्षकाने तासापूर्वी एकदा स्वतः शेवटच्या ओळीत, मुलाच्या उंचीवर बसून पडद्याकडे पाहावे. तेथून एक ओळ वाचता आली तरच पूर्वतयारी झाली असे समजावे.

७. दोन खिडक्या शेजारी शेजारी: नोंदवही व तक्ता

शिक्षकाच्या स्वतःच्या कामात पूर्ण पसरलेली खिडकी नेहमीच सोयीची असते असे नाही. जनरल रजिस्टरवरून विद्यार्थ्याचे नाव व जन्मतारीख संगणकावरील तक्त्यात उतरवावयाची असते. रजिस्टरच्या पानाचे छायाचित्र एका खिडकीत व तक्ता दुसरीत असेल, आणि दोन्ही पूर्ण पसरलेल्या असतील, तर प्रत्येक नोंदीसाठी एक झाकून दुसरी पाहावी लागते. मधल्या क्षणी आकडा केवळ स्मरणात असतो. ०३-०६ चे ०६-०३ होते ते याच क्षणी.

या चुकीचा भार कोणावर पडतो याचा विचार करावा. शाळा सोडल्याचा दाखला रजिस्टरवरून निघतो. संगणकावरील तारीख निराळी आणि दाखल्यावरील निराळी असे झाले म्हणजे पुढे शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, नोकरी अशा प्रत्येक पायरीवर त्या मुलास खुलासा देत बसावे लागते. दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात ते शेतावर किंवा बोटीवर जाणाऱ्या त्याच्या आईबापांस, त्या दिवसाची मजुरी बुडवून.

म्हणून अशा कामास दोन्ही खिडक्या अर्ध्या अर्ध्या पडद्यावर ठेवाव्यात. कृती सोपी आहे. पहिली खिडकी निवडून विंडोजची कळ व डावा बाण दाबावा. ती डाव्या अर्ध्या भागात बसते आणि उजव्या भागात उरलेल्या खिडक्यांची लहान चित्रे दिसतात. त्यांतील तक्त्यावर टिचकी मारावी. तो उजव्या अर्ध्यात बसतो. चित्रे न दिसल्यास दुसरी खिडकी निवडून विंडोजची कळ व उजवा बाण दाबावा. खिडकी अशी कडेला बसविण्याची सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. दोन्ही पाने एकाच खिडकीच्या दोन टॅबांत उघडली असतील तर ती शेजारी दिसणार नाहीत. एक टॅब माऊसने धरून खाली ओढावा, म्हणजे त्याची निराळी खिडकी होते. मग डाव्या नोंदीवर बोट ठेवावे, उजवीकडे लिहावे, आणि पुढे जाण्यापूर्वी दोन्ही आकडे एकदा मोठ्याने वाचावेत.

८. वर्गातील पाठ

कालावधी: ३५ मिनिटे.

हेतू: (१) खिडकीच्या तीन अवस्था मुलांनी ओळखाव्यात. (२) मिटणे व बंद करणे यांतील भेद सांगावा. (३) खिडकी विशिष्ट आकारात का उघडली याचे कारण शोधण्याची सवय लावावी.

साहित्य: संगणक, जुने वर्तमानपत्र, दोन-तीन लहान चिठ्ठ्या. वीज नसल्यास पहिले दोन टप्पे संगणकावाचूनही घेता येतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड व दापोली भागातील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात होती. आपल्या जिल्ह्यात विजेवाचून घेता येईल असा पाठ हाताशी असावा.

प्रस्तावना (५ मिनिटे). शिक्षकाने बाकावर वर्तमानपत्र ठेवावे व प्रश्न विचारावेत.

शिक्षक: हा बाक म्हणजे संगणकाचा पडदा. वर्तमानपत्र ही खिडकी. पूर्ण उलगडले तर काय होईल?
अपेक्षित उत्तर: सारा बाक झाकला जाईल.
शिक्षक: चार घड्या घातल्या तर?
अपेक्षित उत्तर: बाकाचा थोडाच भाग झाकेल; शेजारी दुसरे काही ठेवता येईल.
शिक्षक: बाकाच्या फळीखाली सरकवून एक कोपराच बाहेर ठेवला तर? आणि कपाटात नेऊन ठेवले तर?
अपेक्षित उत्तर: फळीखाली आहे ते कोपरा ओढला की मिळेल, कपाटातले पुन्हा आणावे लागेल.

यावरून तीन अवस्था आणि बंद करणे ही चौथी क्रिया फळ्यावर मांडावी.

विषयविवेचन (१० मिनिटे). एका मुलास वर्गाबाहेर पाठवावे. दुसऱ्याने वर्तमानपत्राच्या हव्या तशा घड्या घालून ठेवावे. पहिल्यास आत बोलावून विचारावे, ‘हे असे कोणी ठेवले? बाकाने?’ मुले हसतील व ‘आधीच्या मुलाने’ असे सांगतील. हीच प्रोग्रामची आठवण. नंतर घडी केलेल्या वर्तमानपत्रावर ‘उघडताना पूर्ण पसरावे’ अशी चिठ्ठी लावून तिसऱ्या मुलास बोलावावे. आधीच्या मुलाने कसेही ठेवले असो, तो चिठ्ठी वाचून वर्तमानपत्र पसरील. ही शॉर्टकटवरील आज्ञा. दोन कारणे दोन कृतींनी स्पष्ट झाली म्हणजे पारिभाषिक शब्द त्यानंतर द्यावेत, आधी नव्हे.

प्रात्यक्षिक (१२ मिनिटे). आता संगणकावर चित्रकलेचा प्रोग्राम उघडावा. प्रथम मागील ओळीतील मुलास पुढे बोलवावे; हा नियम मोडू नये. त्याने खिडकी मध्यम करून बंद करावी. ती पुन्हा उघडल्यावर कशी दिसेल, याचा अंदाज वर्गाने उघडण्यापूर्वी हात वर करून सांगावा. दुसऱ्या मुलाने ती पसरून बंद करावी. पुन्हा अंदाज, पुन्हा पडताळा. अंदाज चुकला तर तेही चांगलेच: ‘या प्रोग्रामने काय लक्षात ठेवले, काय ठेवले नाही?’ असा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो. मग शिक्षकाने शॉर्टकटवरील आज्ञा स्वतः बदलून दाखवावी.

उपयोजन (५ मिनिटे). डाव्या अर्ध्या भागात जिल्ह्याचा नकाशा व उजव्या भागात लेखनाचा प्रोग्राम अशा दोन खिडक्या मुलांकडून लावून घ्याव्यात. नकाशा पाहून तालुका व नदी यांच्या जोड्या उजवीकडे लिहावयास सांगाव्यात: खेड व जगबुडी, चिपळूण व वाशिष्ठी, संगमेश्वर व शास्त्री, रत्नागिरी व काजळी, राजापूर व अर्जुना. खिडक्यांचा पाठ व भूगोलाचा पाठ यांची येथे सांगड पडते.

फळ्यावरील सारांश (३ मिनिटे).
१. खिडकी पसरते, मध्यम होते, मिटते. मिटली म्हणजे बंद झाली असे नाही.
२. खिडकी जशी ठेवाल तशी बहुधा मिळेल.
३. चिठ्ठीवर आज्ञा लिहिता येते.
४. दिसत नसेल तर आधी टास्कबार पाहावा.

९. स्वाध्याय

१. घरी, शेजारी किंवा ग्रामपंचायतीत संगणक असल्यास, परवानगीने, तेथील एका प्रोग्रामची खिडकी कशी उघडते ते पाहून वहीत लिहा. संगणक न मिळाल्यास कागदाच्या चौकटी कापून तीन अवस्था चिकटवा.
२. ‘काल खिडकी मोठी होती, आज लहान उघडली.’ याची दोन संभाव्य कारणे लिहा.
३. रजिस्टर व तक्ता समोरासमोर का ठेवावेत, हे तीन वाक्यांत सांगा.

१०. शिक्षकांस सूचना

शाळेच्या संगणकावर जे तीन-चार प्रोग्राम नित्य लागतात, तेवढ्यांचेच शॉर्टकट पडद्यावर ठेवावेत, त्यांची आज्ञा ‘मॅक्सिमाइझ्ड’ करावी आणि त्याची नोंद यंत्राजवळील वहीत लिहावी. बदली होऊन नवे शिक्षक आले म्हणजे त्यांस ती उपयोगी पडेल. यंत्र अनेक हातांतून जाते. म्हणून महिन्यातून एकदा ही व्यवस्था तपासावी. हे काम सातवीतील मुलांकडे पाळीपाळीने सोपविण्यास हरकत नाही, आणि मुलींची पाळी चुकणार नाही याकडे लक्ष द्यावे.

या पाठातून मुलास जे मिळावयाचे ते तीन बटणांचे ज्ञान एवढेच नाही. समोरची गोष्ट गैरसोयीची असेल तर ‘ही अशी कोणी ठेवली, आणि बदलता येईल का?’ असे विचारण्याची सवय त्यास लागावी. उत्तर पुष्कळदा ‘होय, येईल’ असे असते, हे त्याने स्वतःच्या हाताने अनुभवलेले असावे. पाठ घेतल्यानंतर आलेल्या अडचणी व मुलांचे प्रश्न शिक्षकबंधुभगिनींनी केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावेत. एका शाळेने शोधलेला मार्ग शेजारच्या शाळेस तेथेच मिळतो.